इमारतीला हात लावण्याआधी: शहराच्या कारभाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
महापौर, आयुक्त, नगरसेवक आणि नगररचना विभागाचे अधिकारी यांस

स. न. वि. वि.

हे पत्र कुठल्या एका शहरासाठी नाही. जुनी मंडई, सार्वजनिक वाचनालय, सभागृह, नाट्यगृह किंवा बसस्थानक पाडून तिथे नवीन काही उभारायचा प्रस्ताव जिथे जिथे तुमच्यापुढे येतो आणि त्याविरुद्ध काही माणसं सह्या गोळा करत फिरू लागतात, त्या प्रत्येक ठिकाणच्या कारभाऱ्यांसाठी ते आहे. अशा मोहिमांतल्या माणसांना तुम्ही ‘विकासविरोधी’ म्हणता, हे आम्ही पुष्कळदा ऐकलं आहे. त्याचं उत्तर पुढे येईलच. पण आधी मागणी सांगतो. इमारतीला हात लावण्याआधी तिच्यात पोट भरणाऱ्या आणि रोज तिचा वापर करणाऱ्या माणसांचा हक्क लेखी ठरवा. भिंतींचं, छपराचं, मनोऱ्यांचं काय करायचं हा प्रश्न त्यानंतरचा. हा क्रम उलटा झाला की मोहीम जिंकली तरी शहर हरतं, असं जगभरचा अनुभव सांगतो.

प्रस्तावाची फाईल तुमच्या टेबलावर येते तेव्हा तिच्यात भूखंडाचं क्षेत्रफळ असतं, शिल्लक चटई क्षेत्र (म्हणजे अजून किती बांधकाम करता येईल ते) असतं, विकसक किती गाळे परत बांधून देईल आणि किती स्वतः विकेल याचा हिशेब असतो. पहाटे माल कुठून उतरतो, हमालांची टोळी कुठे थांबते, कुठला ओटा तीन पिढ्यांपासून एका घराकडे आहे, कोणती बाई दुसऱ्याच्या परवान्यावर अर्ध्या ओट्यावर बसते, कोण कोणाच्या उधारीवर तग धरून आहे, यातलं काहीही त्या फाईलमध्ये नसतं. बाजार चालतो तो नेमका याच गोष्टींवर. फाईलमध्ये ज्याची नोंदच नाही, ते वाचवायचा विचार सभागृहात येणार तरी कसा?

इमारत ‘धोकादायक’ कशी होते, हेही एकदा नीट पाहू या. जुन्या दगडी किंवा विटांच्या इमारतीचा खरा शत्रू पाणी. छपराची पन्हळ तुंबते, उभा नळ फुटतो, पाणी भिंतीत उतरतं. भिंतीच्या सांध्यात रोप उगवतं, ते वेळीच उपटलं जात नाही, मग मुळं दगड सरकवतात. लोखंडी तुळई गंजली की फुगते आणि तिच्यावरची विटांची कमान तडकते. मूळ चुन्याच्या गिलाव्यावर कुणीतरी सिमेंट थापतं. चुना ओल बाहेर सोडतो, सिमेंट ती आत कोंडतं, आणि भिंत आतून कुजत जाते. यातलं एकही काम सुरुवातीला मोठ्या खर्चाचं नसतं. पन्हळ साफ करायला, नळ बदलायला आणि रोप उपटायला दरवर्षीची थोडी तरतूद आणि ते पाहणारा एक माणूस लागतो. वर्षानुवर्षं ही तरतूद होत नाही, झाली तर दुसरीकडे वळवली जाते, आणि एके दिवशी दारावर फलक लागतो की इमारत राहण्यास व वापरण्यास अयोग्य आहे. जे मालकाने होऊ दिलं, तेच पुढे पाडण्याचं कारण म्हणून सांगितलं जातं. आणि या इमारतींचे मालक तुम्ही आहात, म्हणजे आम्ही सगळे आहोत.

मग स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे इमारतीच्या मजबुतीची तपासणी, होते. त्याबद्दल थोडं विस्ताराने लिहितो, कारण पुष्कळ मोहिमा इथेच अडखळतात. रिबाउंड हॅमर (ठोका देऊन पृष्ठभागाचा कठीणपणा पाहणं), हाफ-सेल पोटेन्शियल (सळ्या गंजल्यात का ते पाहणं) या चाचण्या काँक्रीट आणि त्यातल्या सळ्यांसाठी आहेत. चुन्यात बांधलेल्या, भिंतींवर भार पेलणाऱ्या दगडी इमारतीला त्याच चाचण्या लावून ‘आयुष्य संपले’ असा शेरा मारणं म्हणजे चुकीच्या मापाने मोजणं. अशा इमारतीसाठी पाया, भेगांची दिशा, भेगा वाढताहेत की स्थिर आहेत, ओल कुठून येते, लाकूड आणि लोखंड कितपत शाबूत आहे, हे पाहावं लागतं. भेगेवर काचेची पट्टी किंवा मापक बसवून काही महिने नोंद ठेवावी लागते. असं काम केलेला अभियंता वेगळा असतो. म्हणून मोहिमेतली माणसं ‘दुसरा अहवाल मागवा’ म्हणतात तेव्हा त्यांना वेळकाढूपणा करायचा नसतो. म्हैसूरच्या देवराज मार्केटचा एक भाग २०१६ मध्ये दुरुस्ती चालू असतानाच कोसळला आणि नंतर ते पाडावं की दुरुस्त करावं यावर जाणकारांचेच दोन तट पडले. एका समितीने नव्याने बांधायला सांगितलं, वारसा संवर्धन करणाऱ्यांनी दुरुस्ती शक्य असल्याचं सांगितलं. जाणकारांतच असा मतभेद असेल, तर एकाच अहवालावर सही करून तुम्ही मोकळे कसे होऊ शकता? दोन्ही अहवाल पूर्ण, परिशिष्टांसह, लोकांपुढे ठेवा. इमारत खरोखर जीवावर बेतणारी असेल तर आम्हीच पहिल्यांदा सांगू की माणसं बाहेर काढा, टेकू लावा. कुणाच्या डोक्यावर छत पडावं असं कोणत्याही वारसाप्रेमी माणसाला वाटत नाही.

आता ज्या मोहिमांतून आम्ही शिकलो त्यांच्याकडे वळतो.

सिएटलचं पाइक प्लेस मार्केट १९०७ मध्ये सुरू झालं. अडत्यांना वगळून शेतकऱ्याने थेट ग्राहकाला विकावं, हा उद्देश. १९६० च्या दशकात शहराने ते पाडून तिथे हॉटेल, कार्यालयं आणि वाहनतळ उभारायची योजना आखली. व्हिक्टर स्टाइनब्रुक या वास्तुविशारदाच्या पुढाकाराने लोक एकत्र आले, सह्या जमवून प्रश्न थेट मतदानाला लावला, आणि नोव्हेंबर १९७१ मध्ये मतदारांनी ७ एकरांचा ऐतिहासिक बाजार विभाग मंजूर केला. इथवरची गोष्ट बहुतेकांना माहीत असते. त्यापुढची कमी लोकांना माहीत असते, आणि आमच्या मते खरं महत्त्व तिचंच आहे. त्या विभागासाठी जो आयोग नेमला गेला, त्याच्या अधिकारात फक्त खिडक्या-दरवाजे, रंग आणि पाट्या नाहीत. कुठल्या जागेत कोणता व्यवसाय चालेल, हेही तोच ठरवतो. भाजीच्या ओट्याच्या जागी उद्या दागिन्यांचं दालन आणायचं तर त्याची परवानगी घ्यावी लागते. साखळी दुकानांना तिथे सहसा प्रवेश नाही. १९७३ मध्ये बाजार चालवण्यासाठी एक सार्वजनिक महामंडळ स्थापन झालं, आणि त्या परिसरात कमी उत्पन्नाच्या लोकांची घरं, दवाखाना, ज्येष्ठांचं केंद्र, पाळणाघर हेही उभं राहिलं. म्हणजे त्यांनी भिंतींबरोबर वापरही राखला, आणि वापर करणाऱ्या माणसांना राहायला जागा केली.

त्याच बाजाराच्या इतिहासात एक काळं पान आहे. दुसऱ्या महायुद्धापूर्वी तिथल्या शेतकऱ्यांच्या ओट्यांपैकी मोठा हिस्सा जपानी वंशाच्या कुटुंबांचा होता. १९४२ मध्ये अमेरिकी सरकारने त्यांना छावण्यांत डांबलं. इमारतीची एक वीटही हलली नाही, पण ओटे ओस पडले. युद्धानंतर फार थोडे परत आले आणि बाजार पुढची दोन-तीन दशकं खंगत राहिला. तो पडीक झालाय, म्हणून पाडा, असं नंतरच्या योजनाकारांना सुचलं, त्याची मुळं इथेही होती. माणसं गेली की इमारतीला दोष देणं सोपं होतं.

लंडनच्या कॉव्हेंट गार्डनची गोष्ट याच्या शेजारी ठेवून वाचावी अशी आहे. तिथला फळं-भाजीपाल्याचा घाऊक बाजार दुसरीकडे नेऊन सगळा परिसर रुंद रस्ते आणि मोठ्या इमारतींनी भरून टाकायची योजना तिथल्या महानगर परिषदेने केली होती. रहिवाशांनी १९७१ मध्ये संघटना उभी केली, घराघरांतून विरोध गोळा केला. या योजनेच्या समितीच्या अध्यक्ष लेडी डार्टमथ यांनी १९७२ मध्ये राजीनामा दिला, कारण सामान्य लोकांपैकी कुणाचाच पाठिंबा योजनेला नाही हे त्यांच्या लक्षात आलं होतं. तुमच्यापैकी जे समित्यांवर आहेत त्यांनी हे लक्षात ठेवावं अशी कळकळीची विनंती आहे. लोकांचं ऐकून पद सोडणाऱ्या त्या बाईंमुळे योजनेचा पाया ढासळला. १९७३ मध्ये पर्यावरण खात्याचे मंत्री जेफ्री रिपन यांनी परिसरातल्या सुमारे २५० इमारती संरक्षित यादीत घातल्या आणि पाडापाडी थांबली.

पण बाजार? तो १९७४ मध्ये लंडनच्याच नाइन एल्म्स भागात हललाच. १८३० ची मंडईची इमारत दुरुस्त होऊन १९८० मध्ये उघडली ती दुकानं, उपाहारगृहं आणि पर्यटकांसाठी. इमारत सुंदर राखली आहे, यात शंका नाही, आणि परिसरात राहणारी काही कुटुंबं या लढ्यामुळेच तिथे टिकली. तरीही पहाटेच्या बाजारावर जगणारी हमालांची, अडत्यांची, खानावळींची साखळी तिथून गेली ती गेलीच. हा घाऊक बाजार शहराच्या मध्यभागी ठेवणं त्या काळी अवघड होतं, ट्रकांची कोंडी खरी होती, हे आम्ही मान्य करतो. किरकोळ बाजाराला मात्र हे कारण लागू होत नाही. तो शहराच्या मध्यावर, पायी पोहोचता येईल अशा ठिकाणीच चालतो. शहराबाहेर नेलेला किरकोळ बाजार बहुतेक वेळा मरतो, कारण गिऱ्हाईक पिशवी घेऊन दोन बस बदलत नाही.

पॅरिसमध्ये तर काहीच राहिलं नाही. व्हिक्टर बाल्तार यांनी बांधलेले ले हाल बाजाराचे लोखंडी-काचेचे मंडप १९७१ पासून पाडले गेले. बाजार आधीच, १९६९ मध्ये, शहराबाहेर रुंजीसला हलवला होता. लोकांनी विरोध केला, रिकाम्या मंडपांत नाटकं-प्रदर्शनं भरवून ते किती उपयोगी आहेत हे दाखवलं, तरी सरकार हललं नाही. एक मंडप पॅरिसजवळच्या नोजां-स्युर-मार्नला नेऊन उभा केला, आज तो तिथेच पाहायला मिळतो. शहराच्या मध्यभागी कित्येक वर्षं एक प्रचंड खड्डा राहिला. १९७९ मध्ये त्यात भूमिगत व्यापारी संकुल उघडलं. ते कुणाला फारसं आवडलं नाही, म्हणून त्याच्या वरच्या इमारती पाडून २०१६ मध्ये नवं छत घातलं गेलं. जे पाडलं ते शंभर वर्षांहून जास्त चाललं होतं. त्याच्या जागी जे आलं त्याचा वरचा भाग चाळीस वर्षंही टिकला नाही. त्याच शहरात, त्याच सुमारास पाडायला निघालेलं ओर्से रेल्वे स्थानक मात्र लोकांच्या ओरडीमुळे वाचलं आणि १९८६ मध्ये संग्रहालय म्हणून उघडलं. आज ते पाडायला निघालो होतो हे सांगायला तिथल्या कारभाऱ्यांना संकोच वाटत असेल.

बाजार वाचवायचा, इमारतही दुरुस्त करायची आणि विक्रेत्यांनाही टिकवायचं, हे तिन्ही एकत्र जमतं का, असं तुमचे अधिकारी विचारतील. जमतं. बार्सिलोनाचं सांत आंतोनी मार्केट १८८२ चं. २००९ मध्ये दुरुस्तीला घेतलं तेव्हा विक्रेत्यांसाठी शेजारच्याच रस्त्यावर तात्पुरता बाजार उभारला, तिथले रविवारचे जुन्या पुस्तकांचे विक्रेतेही त्याच परिसरात हलवले. काम ठरल्यापेक्षा लांबलं, खोदकामात जुन्या तटबंदीचे अवशेष सापडले, ते जपून दाखवायचं ठरलं. अखेर मे २०१८ मध्ये बाजार उघडला आणि विक्रेते पुन्हा त्याच छताखाली आले. एवढ्या लांबलेल्या काळात गिऱ्हाईक तुटलं नाही, कारण तात्पुरती जागा चालत जाण्याच्या अंतरावर होती. हे शहर आपले सगळे सार्वजनिक बाजार एका स्वतंत्र नगरसंस्थेमार्फत चालवतं आणि क्रमाने दुरुस्त करतं. आपल्याकडे दुरुस्तीच्या नावाखाली विक्रेत्यांना शहराच्या दुसऱ्या टोकाला, छत-पाणी-शौचालय नसलेल्या पटांगणात पाठवलं जातं आणि ‘दोन वर्षांत परत आणू’ असं तोंडी सांगितलं जातं. तोंडी आश्वासनावर कुणी आपलं घर सोडेल का? तर मग ओटा तरी का सोडावा?

इथे कागदपत्रांचा मुद्दा येतो. पुनर्विकासाच्या करारात ‘पात्र गाळेधारक’ म्हणून ज्यांची यादी लागते ती परवान्यावरून बनते. परवाना मृत सासऱ्याच्या नावावर, धंदा सुनेचा. परवाना एकाचा, ओट्यावर बसणारे दोघं. भाजीची टोपली घेऊन दाराशी बसणाऱ्या बायकांची तर कुठेच नोंद नाही. यादी बंद झाली की ही सगळी माणसं बाजारात असूनही नसल्यासारखी होतात. भारतात पथविक्रेत्यांसाठी २०१४ मध्ये जो कायदा झाला, त्यानुसार नगर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के सभासद विक्रेत्यांचे प्रतिनिधी असावे लागतात आणि त्यांत किमान एक तृतीयांश स्त्रिया. ज्या नैसर्गिक बाजारांत, म्हणजे विक्रेते-ग्राहक जिथे पूर्वापार जमत आले आहेत तिथे, ५० वर्षांहून अधिक काळ विक्री चालू आहे, ते वारसा बाजार म्हणून जाहीर व्हावेत आणि तिथल्या पथविक्रेत्यांना हलवू नये, असंही त्या कायद्याच्या परिशिष्टात आहे. बाजारालाच, त्यातल्या चालू व्यवहारालाच वारसा म्हणणारी ही तरतूद आमच्या मते फार मोलाची आहे. पण किती शहरांनी असे बाजार जाहीर केले, हे सभागृहात विचारून पाहा.

नियम कसे जन्माला येतात याबद्दलही लिहायला हवं, कारण तुम्ही नियमांवर बोट ठेवता. न्यूयॉर्कचं १९१० चं पेन्सिल्व्हेनिया स्थानक १९६३ मध्ये पाडायला सुरुवात झाली तेव्हा ते थांबवायला शहराकडे कायदाच नव्हता. लोक रस्त्यावर आले, ते वाचलं नाही. पण त्या रागातूनच १९६५ मध्ये वारसा इमारतींचा कायदा झाला. पुढे ग्रँड सेंट्रल स्थानकावर गगनचुंबी इमारत बांधायला परवानगी नाकारली, तेव्हा मालक कंपनी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली. १९७८ मध्ये न्यायालयाने ६ विरुद्ध ३ मतांनी शहराच्या बाजूने निकाल दिला. मुंबईत १९९५ मध्ये वारसा नियमावली लागू झाली, तीही नागरिकांच्या गटांनी कित्येक वर्षं पाठपुरावा केल्यावर. म्हणजे आज ज्या नियमांचा तुम्ही हवाला देता ते आधीच्या हरलेल्या किंवा जिंकलेल्या मोहिमांनी तुमच्या हातात दिले आहेत. ते करणाऱ्यांना विकासाचे शत्रू ठरवू नका.

आणि नियमांत ज्या फटी आहेत त्यांचा आधार घेऊ नका. दिल्लीच्या प्रगती मैदानावरचं हॉल ऑफ नेशन्स हे प्रदर्शन दालन १९७२ चं, वास्तुविशारद राज रेवाल आणि अभियंता महेंद्र राज यांचं. काँक्रीटच्या त्रिमितीय जाळीचं एवढं मोठं छत त्या वेळी जगात क्वचितच कुठे होतं. ६० वर्षं पूर्ण झालेली नाहीत म्हणून ते वारसा यादीत बसत नाही, असं ठरलं आणि एप्रिल २०१७ मध्ये रातोरात ते पाडलं गेलं. खटले चालू होते, देशातले आणि परदेशातले वास्तुविशारद पत्रं लिहीत होते. इमारतीचं मोल तिच्या जन्मतारखेवरून ठरवायचं असेल तर गेल्या साठ वर्षांत बांधलेलं आपलं कुठलंच चांगलं काम वाचणार नाही. इंग्लंडमधल्या प्रेस्टन शहराच्या परिषदेने १९६९ चं बसस्थानक पाडायचा ठराव २०१२ च्या डिसेंबरात केला होता. लोकांनी मोहीम चालवली, २०१३ मध्ये ते संरक्षित यादीत आलं, २०१८ पर्यंत दुरुस्त झालं, आणि आजही तिथून बसच सुटतात. कुरूप काँक्रीट म्हणून हिणवलं जाणारं ते स्थानक आता शहराची ओळख आहे.

इथे एक आक्षेप आमच्यावरही येतो आणि तो वजनदार आहे. जुनं ते सगळं जपायचं का? गरिबांच्या शाळेला पैसे नसताना कमानींवर खर्च करायचा का? हा प्रश्न विचारणारे पहिले तुम्ही नाही. महात्मा फुले पुणे नगरपालिकेचे सभासद होते तेव्हा नव्या मंडईच्या भव्य इमारतीवरच्या खर्चाला त्यांनी विरोध केला होता. तो पैसा शिक्षणाकडे वळवावा असं त्यांचं म्हणणं होतं. मंडई १८८६ मध्ये उघडली, आणि पुढे तिलाच त्यांचं नाव देण्यात आलं. त्यांचा प्रश्न आम्ही टाळत नाही. उलट तोच प्रश्न आम्ही तुमच्यापुढे ठेवतो: हा पैसा कुणासाठी? त्या काळी नवीन इमारत बांधणं खर्चिक होतं, आज पाडून पुन्हा बांधणं खर्चिक आहे. बांधून झालेल्या मंडईत आज जी माणसं कमावतात त्यांच्याच मुलांच्या फिया त्या ओट्यांवरून भरल्या जातात. ती मंडई मोडून वरच्या मजल्यांवर महागडी कार्यालयं काढली तर शाळेला पैसे मिळतात असं कुठल्या अंदाजपत्रकात दिसलं आहे का? दिसलं असेल तर तो आकडा प्रस्तावात लिहा. विकसकाकडून एकरकमी येणारी रक्कम एकदाच येते. सार्वजनिक मालकीची शहराच्या मध्यावरची जागा एकदा दीर्घ भाडेपट्ट्याने गेली की पुढच्या तीन पिढ्यांच्या नगरसेवकांना तिच्याबद्दल काही ठरवता येत नाही.

सगळंच जपा, असं आम्ही म्हणत नाही. काही इमारती वाईट बांधलेल्या असतात, काही बाजार इतके कोंदट असतात की आगीच्या बंबाला आत शिरता येत नाही. तिथे बदल हवाच. विजेच्या लोंबणाऱ्या तारा, बंद केलेले आपत्कालीन दरवाजे, छपरावर चढवलेली बेकायदा गोदामं ही विक्रेत्यांचीही चूक असते, आणि मोहिमेतल्या लोकांनी ती झाकू नये. स्वच्छतागृहं, पाण्याचा निचरा, कचरा, मासळी-मांसासाठी शीतगृह, व्हीलचेअरला चढता येईल असा उतार, हे सगळं जुन्या इमारतीत बसवता येतं. बसवणारे वास्तुविशारद आहेत. त्यांना निविदेत बोलवा. निविदेची पात्रता ‘अमुक इतकं नवीन बांधकाम केलेलं असावं’ अशी लिहिली तर दुरुस्ती जाणणारा माणूस दारातूनच परत जाईल.

सिडनीत १९७० च्या दशकात बांधकाम मजुरांच्या संघटनेने एक अनोखी गोष्ट केली. जॅक मंडी यांच्यासारख्या नेत्यांच्या पुढाकाराने, ज्या पाडकामाला तिथल्या रहिवाशांनी जाहीर सभा घेऊन विरोध केला असेल ते काम मजूर करणार नाहीत, असं त्यांनी ठरवलं. घणाने भिंत पाडणाऱ्याच हाताने ‘नाही’ म्हटलं. मोहिमा फक्त हौशी, निवांत लोकांच्या असतात असं तुम्हाला वाटत असेल तर हे उदाहरण पाहा. आपल्याकडेही हमाल, सफाई कामगार, वाचनालयातले कर्मचारी, नाट्यगृहातले रंगमंच कामगार या वास्तूंबद्दल तुमच्या सल्लागारापेक्षा जास्त जाणतात. त्यांना एकदा तरी बैठकीला बोलवा.

आमच्या मोहिमांतल्या साथींसाठीही एक वाक्य याच पत्रात लिहितो, कारण ते तुम्हीही वाचावं असं वाटतं. छायाचित्रांची प्रदर्शनं आणि वारसा फेऱ्या चांगल्याच, पण ओट्यावरच्या माणसाला मोहिमेच्या व्यासपीठावर जागा नसेल तर ती मोहीम अर्धीच राहते. लंडनच्या सेव्हन सिस्टर्स बाजारात लॅटिन अमेरिकी विक्रेत्यांनी स्वतःच लढा चालवला, स्वतःचा पर्यायी आराखडा तयार केला, आणि २०२१ मध्ये विकसकाने माघार घेतली. विक्रेते पुढे असले की ‘बाहेरच्या चार लोकांचा विरोध’ असं म्हणायची सोय कुणालाच राहत नाही.

तर तुमच्याकडून नेमकं काय हवं ते लिहितो. पाडण्याचा किंवा पुनर्विकासाचा कोणताही ठराव सर्वसाधारण सभेत येण्याआधी इमारतीचे अहवाल, मोजणीचे नकाशे आणि आर्थिक हिशेब पूर्ण जाहीर करा, मराठीत. परवाना असो वा नसो, प्रत्यक्ष व्यवसाय करणाऱ्या प्रत्येकाची नोंद विक्रेत्यांच्या प्रतिनिधींसमोर करा आणि ती यादी इमारतीच्या दारावर लावा. तात्पुरती जागा चालत जाता येईल इतक्या जवळ, छत-वीज-पाण्यासह तयार झाल्यावरच कुणालाही हलवा. परत येण्याची तारीख, जागेचं माप आणि भाड्याची मर्यादा नोंदणीकृत करारात लिहा, आणि तारीख चुकली तर भरपाई कोण देणार तेही. नवीन इमारतीत कुठल्या मजल्यावर काय चालेल याचा नियम इमारत बांधण्याआधी करा, बांधून झाल्यावर नाही. तळमजला वाहनतळाला आणि भाजी पहिल्या मजल्यावर, असा आराखडा मंजूर करू नका, कारण पिशव्या घेऊन जिना चढणारं गिऱ्हाईक कुठेच नसतं. दरवर्षीच्या अंदाजपत्रकात पन्हळ, नळ, छप्पर, वायरिंग यांच्यासाठी स्वतंत्र लेखाशीर्ष ठेवा आणि ते खर्च झालं की नाही हे वर्षाअखेरीस सभागृहात सांगा.

हरकती आणि सूचनांसाठी जी सुनावणी ठेवाल, ती मुख्यालयाच्या पाचव्या मजल्यावर दुपारी तीनला ठेवू नका. त्या वेळी ओटा सोडून कुणीही येऊ शकत नाही. बाजाराच्या साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी, त्याच इमारतीत ठेवा, आणि नोटीस वर्तमानपत्राच्या आतल्या पानाऐवजी दारावर, मोठ्या अक्षरांत, निदान एक महिना आधी लावा. जी फाईल सध्या तुमच्या टेबलावर आहे, तिच्यापासून याची सुरुवात करता येईल.

आपले,
सार्वजनिक वास्तू आणि बाजार वाचवण्याच्या कामात असलेले नागरिक